काळ्या मोहऱ्यांनी खेळायला शिका, रुबिनस्टाइनच्या एका डावासोबत

रविवारी सकाळी आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांमध्ये रंग ठरवायची वेळ आली की एक दृश्य हमखास दिसतं. एक जण पाठीमागे दोन्ही मुठीत प्यादी लपवतो, दुसरा एक मूठ उघडायला लावतो, आणि काळं प्यादं निघालं की त्याचा चेहरा पडतो. "ताई, मला काळी आली." पांढरा पहिली खेळी करतो, म्हणजे तो डावभर एक पाऊल पुढे राहणार, ही समजूत नव्या खेळाडूच्या मनात पक्की बसलेली असते. मोठ्या वयात शिकणाऱ्यांचंही तेच.

ही समजूत समजावून जात नाही. डाव लावून दाखवला की जाते. त्यासाठी माझा आवडता डाव १९०७ सालचा आहे. पोलंडमधलं वूच हे कापड गिरण्यांचं शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. नकाशात त्याचं नाव लोड्झ असं वाचलं जातं, पण तिथले लोक वूच म्हणतात. तिथे गेर्श रोटलेवी पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळला आणि अकिबा रुबिनस्टाइन काळ्या. पंचवीस खेळ्यांत काळा जिंकला. आज हा डाव 'रुबिनस्टाइनचा अमर डाव' म्हणून ओळखला जातो.

अमर म्हटलं की सगळे शेवटच्या चार खेळ्यांकडे धावतात, कारण तिथे वजिराचा बळी आहे. मला मात्र वाटतं की नव्या खेळाडूला खरं शिकवतात त्या पहिल्या पंधरा खेळ्या. काळ्याकडे आलेला पुढाकार कुठून आला, हे त्या पंधरा खेळ्यांत अक्षरशः बोटांवर मोजता येतं. या लेखात तेच करू. निवांत दोन बैठका हव्यात. तासाभराची पहिली, आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच दुसरी.

पायरी १ : पट मांडा, फोन बाजूला ठेवा

लाकडी असो, प्लास्टिकचा असो, गुंडाळायचा असो, पण पट खरा हवा. मोहरं उचलून ठेवताना जे लक्षात राहतं ते पडद्यावर बोट फिरवून राहत नाही. कॉम्प्युटरचं इंजिनही आज बंद. ते उत्तर लगेच सांगतं, आणि उत्तर आधी कळलं की विचार करायचं कारणच उरत नाही.

तुमच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं घर पांढरं आहे ना, ते बघा. वजीर आपल्याच रंगाच्या घरात. काळ्या बाजूला बसा. डाव काळ्याचा आहे, तेव्हा पटही काळ्याच्या बाजूनेच बघायचा.

घरी आजोबांकडून देशी पद्धतीनं शिकला असाल तर एक फरक ध्यानात ठेवा. देशी डावात प्यादं पहिल्या खेळीतही एकच घर सरकतं. इथे पहिल्या खेळीत ते दोन घरं जाऊ शकतं. आणि इथे कॅसलिंग आहे, ज्याला मराठीत किल्लेकोट म्हणतात : राजा दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याला ओलांडून पलीकडे येतो.

खेळ्या लिहायची रीत सोपी आहे. पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या रांगा ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. आडव्या रांगा पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८. रा म्हणजे राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा. नुसतं घर लिहिलं असेल तर ती प्याद्याची खेळी. × म्हणजे मारलं, + म्हणजे शह, ०-० म्हणजे राजाच्या बाजूचं कॅसलिंग. प्रत्येक ओळीत आधी पांढऱ्याची खेळी, मग काळ्याची.

पायरी २ : पहिल्या दहा खेळ्या

१. डी४ – डी५
२. घो एफ३ – ई६
३. ई३ – सी५
४. सी४ – घो सी६
५. घो सी३ – घो एफ६
६. डी×सी५ – उं×सी५
७. ए३ – ए६
८. बी४ – उं डी६
९. उं बी२ – ०-०
१०. व डी२ – व ई७

तिसऱ्या खेळीवर थांबा. काळ्याने सी५ केलं, म्हणजे पांढऱ्याच्या डी४ वरच्या प्याद्याला बाजूने टक्कर दिली. या मांडणीला तराश बचाव म्हणतात. जीगबर्ट तराश (१८६२–१९३४) हा जर्मनीतला डॉक्टर आणि त्या काळचा बुद्धिबळाचा मोठा शिक्षक. अभिजात पद्धत म्हणतात ती त्याने लोकांना शिकवली : मध्यावर प्यादी रोवा, मोहरी भराभर बाहेर काढा, कोंडून बसू नका. वजिराच्या प्याद्याने सुरू होणाऱ्या डावात काळ्याने लवकर सी५ करून मध्यावर आपलाही हक्क सांगावा, हा त्याचा आग्रह. आपल्याला या बचावातून एवढंच घ्यायचं आहे की बचाव म्हणजे अंग चोरून बसणं नव्हे.

आता सहावी खेळी बघा, कारण डावातली पहिली बारीक गोष्ट इथे घडते. पांढऱ्याने सी५ वरचं प्यादं मारलं. त्या क्षणी काळ्याचा एफ८ वरचा उंट अजून हललेला नव्हता. तो एका उडीत सी५ वर आला, प्यादंही वसूल केलं आणि स्वतःही बाहेर पडला. एका खेळीत दोन कामं. पांढऱ्याने आधी उंट बाहेर येऊ दिला असता आणि मग मारलं असतं, तर काळ्याला त्याच उंटाची दुसरी खेळी खर्च करावी लागली असती.

नेमकी हीच संधी पांढऱ्याच्या उंटाकडेही आहे. पांढऱ्याचा एफ१ वरचा उंट घरीच आहे आणि मध्ये डी५, सी४ ही प्यादी एकमेकांसमोर उभी आहेत. काळ्याने आत्ता सी४ मारलं तर पांढऱ्याचा उंट एका उडीत तिथे येईल. म्हणून रुबिनस्टाइन मारत नाही. तो थांबतो, ए६ करतो, उंट मागे घेतो, कॅसलिंग करतो, वजीर ई७ वर आणतो. प्रत्येक खेळी उपयोगाची, पण डी×सी४ मात्र नाही.

दहाव्या खेळीवर मुलं विचारतात, "ताई, डी५ चं प्यादं फुकट जात नाही का?" मारून बघा. सी×डी५, ई×डी५, मग घो×डी५, घो×डी५, व×डी५. पांढऱ्याला एक प्यादं मिळालं. आता काळा ह डी८ खेळतो, आणि डी६ वरचा उंट बी४ वरचं प्यादं मारत शह द्यायच्या तयारीत आहे. उंट बाजूला झाला की मागच्या हत्तीसमोर पांढरा वजीर उघडा. शह आधी मोडायचा, तोवर वजीर गेलेला. पांढऱ्याचा राजा अजून मधोमध आहे, म्हणून हे सगळं जमतं. राजा मध्ये असताना रांगा उघडणारं प्यादं खाणं महागात पडतं, ते असं.

पायरी ३ : पंधराव्या खेळीवर थांबा आणि मोजा

११. उं डी३ – डी×सी४
१२. उं×सी४ – बी५
१३. उं डी३ – ह डी८
१४. व ई२ – उं बी७
१५. ०-०

अकराव्या खेळीत पांढऱ्याचा उंट हलला, आणि त्याच क्षणी काळ्याने सी४ मारलं. उंटाला पुन्हा हलावं लागलं. मग बी५ ने त्याला तिसऱ्यांदा हलवलं.

आता काळ्याची पाळी आहे. काही खेळू नका. वही घ्या, दोन रकाने करा आणि पट नीट बघा. दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या दिसतात. पांढऱ्याची प्यादी ए३, बी४, ई३ वर, काळ्याची ए६, बी५, ई६ वर. घोडे सी३, एफ३ समोर सी६, एफ६. उंट बी२, डी३ समोर बी७, डी६. वजीर ई२ समोर ई७. दोघांचंही कॅसलिंग झालेलं. फरक एकच : काळ्याचा हत्ती डी८ वर आला आहे, पांढऱ्याचा एफ१ वरच आहे.

आरशासारखी मांडणी असेल तर पाळी पांढऱ्याची असायला हवी होती, कारण डाव त्याने सुरू केला. पण पाळी आहे काळ्याची. ही झाली एक खेळी. आणि काळ्याचा हत्ती आधीच डी८ वर आहे. ही झाली दुसरी. पंधरा खेळ्यांत पांढऱ्याने दोन खेळ्या घालवल्या. कुठे, ते आता शोधायचं.

उंट : पांढऱ्याचा उंट डी३ वर पोचायला डी३, सी४, डी३ अशा तीन खेळ्या लागल्या. काळ्याचा उंट सी५, डी६ असा दोनच खेळ्यांत पोचला.

वजीर : पांढऱ्याचा डी२ वर गेला, तिथे काळ्या हत्तीच्या रांगेत सापडला, म्हणून ई२ वर आला. दोन खेळ्या. काळ्याचा थेट ई७. एक खेळी.

बाकी सगळ्यांचा हिशेब बरोबरीत सुटतो, करून बघा. हीच ती 'टेम्पो' (म्हणजे एका खेळीएवढा वेळ) नावाची गोष्ट, जी ऐकताना अवघड वाटते. पटावर ती अशी सुट्ट्या पैशांसारखी मोजता येते. रोटलेवीने घोडा गमावला नाही, प्यादंही गमावलं नाही. त्याची एकही खेळी पाहताक्षणी चूक वाटत नाही. तरीही पांढऱ्याची जन्मजात आघाडी खर्च झाली आणि वर एक खेळी उधारी झाली. माझ्याकडची एक नऊ वर्षांची मुलगी हा हिशेब पूर्ण झाल्यावर कितीतरी वेळ पटाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आता काळाच पांढरा झाला." याहून नेमकं मला सांगता येणार नाही.

पहिली बैठक इथे संपवा. पट तसाच ठेवता आला तर ठेवा.

पायरी ४ : पुढाकार वापरायचा कसा

१५. … – घो ई५
१६. घो×ई५ – उं×ई५
१७. एफ४ – उं सी७
१८. ई४ – ह सी८ (ए८ वरचा)
१९. ई५ – उं बी६+

कॅसलिंग केलेल्या पांढऱ्या राजाचा सगळ्यात भरवशाचा राखणदार म्हणजे एफ३ वरचा घोडा. एच२ वर त्याची नजर असते, वजिराची जी५ आणि एच४ ची वाटही तोच अडवतो. काळ्याने पहिल्यांदा तोच बदलून टाकला. स्वतःचा एफ६ वरचा घोडा मात्र राखला. बदलाबदली करताना कोणतं मोहरं जातंय आणि कोणतं उरतंय, हे आधी बघायची सवय लावून घ्या.

सोळाव्या खेळीनंतर एक धमकीही आहे. काळा एच२ वरचं प्यादं उंटाने मारून शह देईल. राजाने उंट मारला की व डी६+, आणि मग डी३ वरच्या उंटावर वजीर आणि हत्ती असा दुहेरी मारा, त्याला राखायला फक्त पांढरा वजीर. हिशेबाअंती काळ्याला एक प्यादं फुकट मिळतं. पांढऱ्याने एफ४ करून ही वाट बंद केली.

पण प्यादं मागे येत नसतं. एफ२ वरचं प्यादं पुढे गेलं तशी राजाकडे येणारी तिरपी रेघ अर्धी उघडली. मग ई३ वरचं प्यादं ई४ वर गेलं, रेघ पूर्ण उघडली. मग तेच प्यादं ई५ वर गेलं, आणि बी७ वरच्या काळ्या उंटासमोरची दुसरी तिरपी रेघही मोकळी झाली. बोटाने दोन्ही रेघा पटावर ओढा : बी६ पासून जी१ पर्यंत, आणि बी७ पासून थेट जी२ पर्यंत. दोन उंट, दोन रेघा, आणि दोन्ही पांढऱ्या राजाच्या दारात.

"एकच मोहरं पुन्हा पुन्हा हलवू नका" असं आपण शिकतो. इथे काळ्याचा उंट सी५, डी६, ई५, सी७, बी६ असा पाच वेळा हलला. मग नियम मोडला का? प्रत्येक वेळी बदल्यात काय मिळालं ते बघा. त्याला हुसकावायला पांढऱ्याने बी४ आणि एफ४ ही प्यादी पुढे नेली, आणि शेवटच्या उडीत तर उंटाने शह दिला. खेळ्या मोजायच्या असतात हे खरं, पण त्या खेळीने समोरच्याला काय करायला लावलं तेही त्याच वहीत लिहायचं असतं.

अठरावी खेळी साधी दिसते, पण माझं तिच्यावर फार प्रेम आहे. पांढरा प्यादी पुढे ढकलत अंगावर येतोय, आणि रुबिनस्टाइन शांतपणे शेवटचा हत्ती सी८ वर आणून ठेवतो. आता काळ्याचं एकही मोहरं घरी बसलेलं नाही. समोर पांढऱ्याचा ए१ वरचा हत्ती बघा. तो या संपूर्ण डावात एकदाही हलला नाही.

पायरी ५ : शेवटच्या खेळ्या झाकून ठेवा

आता एक कागद घ्या. पांढऱ्याची खेळी वाचा, काळ्याची झाकून ठेवा, आणि किमान पाच मिनिटं स्वतः शोधा. चुकलं तरी चालेल, पण उत्तर वहीत लिहून मगच कागद सरकवा.

२०. रा एच१ – घो जी४
२१. उं ई४ – व एच४
२२. जी३ – ह×सी३
२३. जी×एच४ – ह डी२
२४. व×डी२ – उं×ई४+
२५. व जी२ – ह एच३, आणि पांढऱ्याने डाव सोडला.

विसाव्या खेळीत घोडा जी४ वर उभा आहे. वजिराने त्याला मारलं तर डी३ वरच्या उंटाची राखण सुटते आणि ह×डी३ होतं, वर हत्ती डी२ वर घुसायला मोकळा. म्हणून पांढऱ्याने उंट ई४ वर आणून बी७ च्या उंटाची वाट अडवली. काळ्याने व एच४ करून एच२ वर सरळ मातेची धमकी दिली. पांढऱ्याने जी३ केलं, वजिरावर हल्ला.

इथे, बाविसाव्या खेळीवर, सगळ्यात जास्त वेळ घालवा. एक प्रश्न विचारत जा : समोरच्याचं कोणतं मोहरं एकाच वेळी दोन कामं करतंय?

पांढऱ्याचा वजीर ई२ वर आहे. दुसऱ्या आडव्या रांगेतून तो एच२ राखतोय. शिवाय ई४ वरचा उंटही राखतोय. त्या उंटाला अजून एक आधार आहे, सी३ वरचा घोडा. तो घोडा काढला तर? म्हणून ह×सी३. स्वतःचा वजीर तोंडात आहे आणि काळा हत्तीने घोडा मारतोय. पांढऱ्याने बी२ च्या उंटाने तो हत्ती मारला तर उं×ई४+ येतं. वजिराने उंट परत मारला की एच२ उघडं, व×एच२ आणि मात. वजिरावर दोन कामं होती, एक करताना दुसरं सुटलं.

पांढऱ्याने बाविसाव्या खेळीत जी३ ऐवजी एच३ केलं असतं तर? तेव्हाही ह×सी३. उं×सी३, उं×ई४, आणि वजिराने ई४ चा उंट मारला तर व जी३. आता एच२ वर मात आहे. पांढऱ्याने एच३ च्या प्याद्याने घोडा मारला तर एच ची रांग उघडते आणि व एच४ वर मात. राजाला जी१ वर पळता येत नाही, कारण बी६ वरचा उंट तिथे बघतोय. त्या एका उंटाचं काम डावाच्या शेवटपर्यंत विसरू नका.

प्रत्यक्षात रोटलेवीने वजीर मारला, आणि मग आली ती खेळी जिच्यापाशी मुलांचे हात पटावरून आपोआप मागे जातात : ह डी२. वजीर गेलाय, आणि काळा दुसरा हत्तीही देतोय! पांढऱ्या वजिराने तो मारला की ई४ च्या उंटाचा शेवटचा आधारही सुटतो. उं×ई४+. वजीर जी२ वर मध्ये घालावा लागतो, आणि तिथे तो उंटाच्या पिनमध्ये अडकतो. जी२ वरून एच२ एका घरावर आहे, पण वजिराला तिथे जाता येत नाही, कारण तो हलला तर राजाला शह. मग ह एच३. पुढे ह×एच२ ही मात. हत्तीला घोड्याचा आधार, जी१ वर उंट. वजिराने ई४ चा उंट मारला तरी एच२ ची मात तशीच.

शेवटची स्थिती मांडून ठेवा आणि मोहरी मोजा. पांढऱ्याकडे वजीर, दोन हत्ती, एक उंट. काळ्याकडे एक हत्ती, दोन उंट, एक घोडा. काळ्याची चारही मोहरी राजाभोवती आहेत. पांढऱ्याचा ए१ चा हत्ती आणि बी२ चा उंट मात्र लांबून नुसते बघताहेत.

घरचा अभ्यास म्हणून एक खेळी स्वतः शोधा. चोविसाव्या खेळीत पांढऱ्याने डी२ चा हत्ती न मारता आपल्या ई४ च्या उंटाने बी७ चा उंट मारला असता तर? काळा ह×ई२ करून वजीर घेतो. पांढरा उं जी२ करून बचाव करतो. आता काळ्याची खेळी कोणती? तिसऱ्या रांगेतला हत्ती बघा.

पायरी ६ : हे तुमच्या डावात आणा

हा डाव पाहिल्यावर पुढच्या आठवड्यात मुलं धडाधड वजिराचे बळी देतात आणि हरतात. त्यांना रागवायचं नसतं, मोजायला लावायचं असतं. बळी देण्याआधी दोन आकडे लिहा : समोरच्या राजाकडे तुमची किती मोहरी बघताहेत, आणि त्या राजाजवळ त्याची किती मोहरी वेळेत पोचू शकतात. रुबिनस्टाइनकडे बाविसाव्या खेळीला वजीर, दोन उंट, घोडा आणि उघड्या रांगांवर दोन हत्ती होते. तुमच्याकडे वजीर आणि एक घोडा एवढंच असेल तर बळी राहू द्या, तिसरं मोहरं आणा.

बचाव म्हणून खेळायचं तर क्रम साधा आहे. पांढऱ्याने डी४ केलं की तुम्ही डी५, त्याने सी४ केलं की ई६, घोडा सी३ वर आला की सी५. पुष्कळ जण पुढे सी×डी५ करतात, मग तुम्ही ई×डी५. आता डी५ वरचं तुमचं प्यादं पुढे एकटं पडू शकतं, शेजारी आधाराला प्यादं नसतं. ही या बचावाची किंमत आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. डाव शेवटाकडे गेला की ते प्यादं त्रास देतं. बदल्यात तुमच्या दोन्ही उंटांना मोकळ्या रेघा आणि हत्तींना उघड्या रांगा मिळतात. म्हणून मोहरी पटावर असेपर्यंत खेळ जिवंत ठेवायचा, उगाच बदलाबदली करायची नाही. बोरिस स्पास्कीने १९६९ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात पेत्रोस्यानविरुद्ध हा बचाव वापरला होता आणि तो सामना जिंकला, तेव्हा एकट्या प्याद्याला घाबरून हा मार्ग सोडू नका.

एक सापळाही पाठ ठेवा, शालेय स्पर्धांत तो वारंवार पडतो. सी×डी५, ई×डी५ नंतर पांढऱ्याने लगेच डी×सी५ मारलं तर तुम्ही डी४ करून सी३ च्या घोड्यावर जा. घोडा ए४ वर गेला तर उंटाने सी५ चं प्यादं बिनधास्त मारा. घोड्याने उंट मारला की व ए५+. एकाच वेळी राजाला शह आणि घोड्यावर हल्ला, मोहरं परत मिळालं.

पांढऱ्याने ई४ ने सुरुवात केली तर हा बचाव लागू नाही. त्याला ई५ ने उत्तर द्या. ती तयारी वेगळी.

डाव संपल्यावर जिंकलात की हरलात हे बाजूला ठेवून पंधराव्या खेळीची स्थिती पुन्हा मांडा आणि आज केली तशी मोजणी करा. कोणतं मोहरं दोनदा हललं, का हललं, समोरच्याचं कोणतं हललं. त्यासाठी खेळ्या लिहिलेल्या असायला हव्यात, म्हणून घरच्या डावातही लिहायची सवय ठेवा. महिनाभर हे केलंत तर काळी मोहरी हातात घेताना हात आखडणार नाही, हे मी माझ्याकडच्या मुलांमध्ये पाहिलं आहे.

रुबिनस्टाइनबद्दल थोडं सांगायलाच हवं. त्याचा जन्म १८८० चा. १९१२ या एका वर्षात त्याने पाच मोठ्या स्पर्धा जिंकल्या. १९१४ मध्ये जगज्जेता इमॅन्युएल लास्करशी त्याचा सामना व्हायचा होता, तो पहिल्या महायुद्धामुळे झालाच नाही. तो कधी जगज्जेता झाला नाही, याची मला आजही हळहळ वाटते. आणि रोटलेवी या डावावरून कच्चा खेळाडू वाटत असेल तर तेही खरं नाही. १९११ साली कार्ल्सबादच्या सव्वीस जणांच्या स्पर्धेत तो चौथा आला होता.

पायरी ७ : पुढचा डाव

हा डाव पचला की विश्वनाथन आनंदचा एक डाव मांडा. जानेवारी २०१३, नेदरलँड्समधलं वाइक आन झे, पांढऱ्या बाजूला लेव्हॉन अरोनियन, काळ्या बाजूला तेव्हाचा जगज्जेता आनंद. काळा तेवीस खेळ्यांत जिंकला, आणि जगभरच्या जाणकारांना लगेच वूचचा १९०७ चा डाव आठवला. सुरुवातीची मांडणी थोडी वेगळी आहे, सेमी-स्लाव्ह नावाची, पण ओळखीचं बरंच दिसेल.

१. डी४ – डी५
२. सी४ – सी६
३. घो एफ३ – घो एफ६
४. घो सी३ – ई६
५. ई३ – घो डी७ (बी८ वरचा)
६. उं डी३ – डी×सी४
७. उं×सी४ – बी५
८. उं डी३ – उं डी६
९. ०-० – ०-०
१०. व सी२ – उं बी७
११. ए३ – ह सी८
१२. घो जी५ – सी५
१३. घो×एच७ – घो जी४
१४. एफ४ – सी×डी४
१५. ई×डी४ – उं सी५
१६. उं ई२

सहावी, सातवी, आठवी खेळी बघा : उंट डी३, सी४, पुन्हा डी३. तीच वाट, शंभरहून अधिक वर्षांनी. आता काळ्याची पाळी आहे. बी७ आणि सी५ वरच्या उंटांच्या रेघा बोटाने पटावर ओढा, जी४ चा घोडा कुठे बघतोय ते पाहा, आणि डी७ वरच्या घोड्याला कोणत्या घरी पाठवाल ते वहीत लिहा. आनंदने तो ई५ वर ठेवला, जिथे पांढऱ्याची डी४ आणि एफ४ ही दोन प्यादी त्याच्यावर रोखलेली दिसतात. एफ४ च्या प्याद्याने मारून बघा, आणि डी४ च्या प्याद्याला का मारता येत नाही ते सी५ च्या उंटाच्या रेघेत शोधा.